पोल सॉ घेतली, आंब्यावर चालवली, आता सांगतो

फोंड्याला आमच्या घरामागे मानकुराद आंब्याचं जुनं झाड आहे, फांद्या सगळ्या पत्र्यावर यायला लागलेल्या. गेल्या वर्षी एका माणसाला बोलावलं तर त्याने मांडीएवढी फांदी वरूनच कोयत्याने तोडत आणली, अर्धी तुटली आणि वजनाने खाली येताना खोडाची साल दोन हात सोलून घेऊन आली. आई आठवडाभर बोलत होती, झाडाशी पण आणि माझ्याशी पण. म्हणून यंदा आंबे उतरल्यावर, पाऊस लागायच्या आत, पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याची करवत, ऑनलाइन मागवली, 2,400 रुपयांना.

पातं जबरदस्त आहे, खरंच. दात ओढताना कापतात, ढकलताना नाही, म्हणजे जोर लावायचा नाही, नुसतं दांड्याचं वजन टाकून आरामात ओढायचं. मनगटाएवढी ओली फांदी दोन मिनिटांत. पण दांडा पूर्ण उघडला की पातं वर डुलतं आणि मान अशी दुखते की दुसऱ्या दिवशी स्कूटर मागे घेताना वळवत नव्हती.

जाड फांदी एका कापात पाडू नका हां. आधी खोडापासून हातभर लांब, खालून एक तृतीयांश खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, फांदी पडली की राहिलेला खुंट शेवटी. खोडाजवळ सुजल्यासारखी कड असते ती सोडून कापायचं, जखम तिथूनच भरत येते. आता गंमत अशी की खालची खाच या करवतीने नीट घेताच येत नाही, ढकलून कापत नाही ना ती, त्यामुळे जाड दोन फांद्यांना शेवटी पाडेल्यालाच, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणाऱ्यालाच, बोलावलं. तो दोर बांधून वर चढला, तांबड्या मुंग्या चावल्या तरी हू का चू नाही. कापांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली, पोफळींसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) घरात होतंच, 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, लिटरभर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत.

मोठा राग मात्र दांड्यावर आहे. अल्युमिनियमचा आहे आणि खोक्यावर विजेबद्दल एक अक्षर नाही. आमच्याकडे निम्म्या घरांची वायर आंब्या-फणसातूनच जाते, तिथे हा दांडा उंच करणं म्हणजे जिवाशी खेळ. वायरीकडची फांदी मी सोडूनच दिली, वीज खात्याला कळवलंय, लाइन बंद करून तेच कापतील. पैसे असतील तर फायबरग्लासचा दांडा बघा, पण तो घेऊन पण वायरीजवळ नको. आणि फांदीच्या बरोबर खाली उभं राहू नका, भुसा डोळ्यात जातो तो वेगळाच, चष्मा लावा.

पाचपैकी साडेतीन. पात्याला कव्हर येत नाही, मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, मस्त बसलाय.