बुकमेकर की एक्सचेंज? पैसा नेमका कुठे कापला जातो

भाचा इंग्लंडात लेस्टरला शिकायला आहे, तिथे बेटिंग कायदेशीर. परवा रात्री फोन केला, "मामा, बुकमेकर कमिशन घेतच नाही आन एक्सचेंजवाला ५ टक्के कापतो, मंग बुकमेकरच स्वस्त ना?" बुकमेकर म्हणजे आपली बेट स्वतः घेणारी कंपनी, एक्सचेंज म्हणजे लोकं आपसातच बेट लावतात ती जागा. त्याला जे सांगितलं तेच लिहितो. हे तिकडचं गणित आहे बरं, आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, जळगाव-धुळ्यात कोणी बेटिंगची 'आयडी देतो' म्हणाला तर लांबच राहा.

आपल्या कपाशीचंच बघा. खेडा खरेदीवाला दारात येतो, हमाली नाही तोलाई नाही, पण भावच पाडून लावतो. यार्डात नेली तर काय काय खर्च गेला ते पट्टीवर दिसतं. बुकमेकर म्हणजे हा दारात येणारा. टेनिसची बरोबरीची मॅच असेल तर दोघांचा भाव २.०० पाहिजे (म्हणजे १ पौंड लावून जिंकलं तर लावलेला धरून २ हातात), तो दोघांना १.९१ लावतो. १ भागिले १.९१ केलं की त्या भावात धरलेली जिंकायची शक्यता निघते, ५२.३६ टक्के; दोन्हीकडची मिळून १०० पाहिजे ती १०४.७ होते, म्हणजे वरचे ४.७ त्याने आधीच भावात घालून ठेवलेत. १०० पौंड लावून जिंकलात तर नफा ९१.

एक्सचेंजवर समोर कंपनी नसते, आपल्यासारखाच कोणीतरी उलटी बाजू घेऊन बसलेला असतो. तिथे २.०० मिळाला तर नफा १००, त्यातून ५ टक्के गेले की ९५, आन कमी कमिशनचं २ टक्क्यांचं पॅकेज असेल तर ९८. हरलात तर कमिशन काहीच नाही.

पण खरी गोम पुढे आहे आन भाच्याला तीच माहीत नव्हती. कमिशन एकेका मार्केटच्या (म्हणजे एका मॅचवरच्या एका सवालाच्या) निव्वळ नफ्यावर लागतं. एकाच मॅचच्या 'कोण जिंकणार' मध्ये आधी लावलं, मग उलटं लावलं, तर त्याची वजाबाकी होते. पण एका मॅचमध्ये १०० कमावले आन दुसऱ्या मॅचमध्ये १०० घालवले तर ती होत नाही, जिंकलेल्यावर ५ पौंड जातातच. तुम्हाला वाटतं बरोबरीत सुटलो, खात्यात ५ कमी. रोज चार-पाच मॅचवर लावणाऱ्याला हे फार जड जातं, म्हणून त्याने २ टक्केवालंच बघावं.

छोट्या मॅचला एक्सचेंजवर माणसंच नसतात, भाव घसरतो. ५ टक्के देत असाल आन तिथला भाव १.९५ असेल तर हातात नफा ९०.२५, म्हणजे बुकमेकरचे ९१ बरे. २ टक्क्यांवर असाल तर १.९३ पर्यंत एक्सचेंज परवडतं.

आणखी एक, बुकमेकर सतत जिंकणाऱ्याची लिमिट कापतो, दोन-पाच पौंडांच्या वर घेतच नाही. एक्सचेंजला तसं कारण नाही, तरी बेटफेअर नावाच्या एक्सचेंजने २००८ पासून फार कमावणाऱ्यांवर जास्तीचा चार्ज लावला होताच.

भाच्याने मग शनिवारच्या मॅचचा स्क्रीनशॉट पाठवला, बुकमेकर १.९१, एक्सचेंज १.९७, पॅकेज २ टक्क्यांचं. ९७ मधून १.९४ गेले, राहिले ९५.०६. त्या मॅचला एक्सचेंजच.