ऑटो-पोस्टिंगचे सात महिने आणि सीओ ४५ ची भानगड

पुण्यात बसून नाईट शिफ्टला अमेरिकेतल्या क्लिनिकांचं पेमेंट पोस्टिंग करतो, म्हणजे विमा कंपनीकडून आलेले पैसे पेशंटच्या खात्यात नोंदवतो. आधी एका स्क्रीनवर ईओबीची (विमा कंपनीने कशाचे किती दिले त्याचा हिशोब) पीडीएफ आणि दुसरीवर सॉफ्टवेअर, एकेक लाईन हाताने मारायची. सात महिन्यांपूर्वी क्लायंटने नवीन सॉफ्टवेअर दिलं (नाव नको), ईआरएची (त्याच हिशोबाचं इलेक्ट्रॉनिक रूप) फाईल टाकली की सगळं आपोआप पोस्ट.

साध्या केसेसना खरंच झकास आहे. मेडिकेअरची (तिथला सरकारी विमा) लाईन घ्या, डिडक्टिबल (विम्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) भरून झालंय असं धरा. बिल २०० डॉलर, अलाउड (विम्याला मान्य दर) ११०, वरचे ९० सीओ ४५ (मान्य दरापेक्षा जादा रकमेचा कोड ४५; सीओ म्हणजे क्लिनिकने सोडायची, पीआर म्हणजे पेशंटची) म्हणून राइट-ऑफ, ते पेशंटकडे मागायचेच नाहीत. ११० चे २० टक्के म्हणजे २२ पीआर २ ला (पेशंटचा वाटा), राहिलेल्या ८८ वर सिक्वेस्ट्रेशनचे (सरकारी खर्चकपातीचे) २ टक्के म्हणजे १.७६ सीओ २५३ ला, आणि पेमेंट ८६.२४. आधी कॅल्क्युलेटर घेऊन जुळवायचो, आता सेंटपर्यंत बरोबर बसतं.

घोळ सेकंडरीला, म्हणजे पेशंटच्या दुसऱ्या विम्याला. सेकंडरीने ते २२ दिले की तिच्या ईआरएमध्ये कधीकधी तेच ९० पुन्हा सीओ ४५ म्हणून येतात आणि हे येडं परत राइट-ऑफ मारतं, म्हणजे अकाउंट मायनस ९०! पहिल्या महिन्यात क्रेडिट बॅलन्सचा (जादा जमा दिसणाऱ्या खात्यांचा) रिपोर्ट उघडला तर पानंच्या पानं लाल, टीएलला (टीम लीडरला) वाटलं आता रिफंड पाठवायला लागणार, प्रत्यक्षात जादा पैसा एक डॉलरही आला नव्हता. आता सेकंडरीच्या बॅच होल्डला टाकून हातानेच करतो.

दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये नुसता ४५ टाकलेला, त्याच्या आधी सीओ आहे की पीआर ते बघतच नव्हतं. आउट ऑफ नेटवर्कला (विमा कंपनीशी क्लिनिकचा करार नसेल तेव्हा) पीआर ४५ आला तर ती रक्कम पेशंटकडे जाते, इथे तीही माफ! अर्थात पीआर दिसला म्हणून लगेच बिल पाठवायचं असंही नाही, इमर्जन्सी असेल तर २०२२ पासून नो सर्प्रायझेस ॲक्ट (अनपेक्षित बिलांपासून पेशंटला वाचवणारा कायदा) आडवा येतो. सपोर्टला तीन तिकिटं टाकल्यावर ते सेटिंग सुधारलं एकदाचं.

प्रायव्हेट कंपन्यांची फी शेड्यूल (करारातले दर) मात्र अजून लोड नाहीत, त्यामुळे करारात ९५ असताना कंपनीने अलाउड ८० धरला तरी वरचे १५ गुपचूप सीओ ४५ मध्ये जातात आणि समोर हिरवी टिक. क्लायंटकडे रेटची एक्सेल मागून दोन महिने झाले, दर सोमवारी रिमाइंडर टाकतोय.