पॉलिशनंतर बंदुकीतला कीस काढायला अल्ट्रासॉनिक मशीन: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

सांगलीत आमचं परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. येणारं काम बहुतेक बारा बोअरचं. बँकेच्या गार्डांच्या डबल बॅरल, पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या शेतकऱ्यांच्या जुन्या बंदुका, आचारसंहितेत जमा करून परत आणलेल्या आणि मधल्या काळात तेलाचा हात न लागलेल्या बंदुका. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा कपाटासकट बुडालेल्या बंदुकाही अजून अधूनमधून येतात. गंज काढायचा म्हणजे एमरी पेपर, मग बफ (फिरतं कापडी चाक), मग मसाला, म्हणजे चकाकी आणणारी मेणाची पेस्ट. चकाकी येते, गिऱ्हाईक खूश होतं, पण माझ्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

पॉलिशमध्ये नुसता लोखंडाचा कीस पडत नाही. एमरीचे कण, मसाल्यातलं मेण, बफचे धागे असा सगळा गाळ लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, कोपऱ्यांत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात जाऊन बसतो. त्यावर तेल पडलं की त्याची घासणारी पेस्टच तयार होते. चापाची आणि घोड्याची जी धार एकमेकींत अडकते, ती दर वेळी थोडी थोडी झिजत जाते. त्याहून वाईट म्हणजे पिन भोकात पुढच्या बाजूला अडकून राहणं. पिनचं टोक बाहेर असताना भरलेली बंदूक मिटवली तर चाप न ओढता बार उडू शकतो. म्हणून ही सफाई आमच्याकडे कुणी घाईत उरकत नाही.

आधी आम्ही टर्पेंटाईन, दातांचा ब्रश आणि हवेचा पाइप यांवर भागवायचो. हवेचा झोत कीस बाहेर काढतो तितकाच आतही ढकलतो, आणि डोळ्यांत उडतो तो वेगळाच. लोहचुंबक पोलादाचा चुरा उचलतं. एमरी आणि मसाला त्याला लागत नाहीत. सराफ कट्ट्यावरचे कारागीर दागिन्यांच्या खाचांतला मसाला अल्ट्रासॉनिकमध्ये काढताना पाहिले होते. तसंच दोन लिटरचं, 40 किलोहर्ट्झचं, हीटर असलेलं मशीन घेतलं.

लॉकच्या सुट्या भागांसाठी ते उत्तम आहे. पाण्यात सेकंदाला 40,000 कंपनं होतात, बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि ब्रशचा केस जिथे शिरत नाही तिथला गाळ सुटतो. पहिल्याच पिनच्या भोकातून करड्या धुरासारखा लोट निघाला. हाताने धुऊन, पुसून, स्वच्छ म्हणून बाजूला ठेवलेला भाग होता तो! पाणी 50 ते 60 अंशांवर ठेवलं की मेण सैल होतं. गार पाण्यात तोच मसाला चिकटून राहतो. नवीन पाणी भरलं की आधी काही मिनिटं भाग न घालता मशीन चालवून पाण्यातली हवा काढावी. भाग जाळीत टांगावेत, तळाला टेकू देऊ नयेत. साबण सौम्य हवा. आम्लाचं द्रावण ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा संरक्षक थर) उडवतं, आणि निकेलचा मुलामा सुटायला आला असेल तर मशीन तोही सोलून काढतं. आमच्या बोअरवेलच्या पाण्याने भागांवर पांढरे डाग राहायचे, म्हणून आता आरओचं पाणी वापरतो. पेट्रोल किंवा थिनर टाकीत कधीच ओतू नये. मशीन तापतं, वाफ होते, आग लागायला तेवढं पुरतं.

नळ्या मात्र यात घालायच्या नाहीत. दोन लिटरच्या टाकीत त्या मावत नाहीत हे खरं, पण मोठी टाकी असती तरी मी घातल्या नसत्या. डबल बॅरलच्या दोन नळ्यांमधली पट्टी डाखाने जोडलेली असते. डाखाला बारीक फट असली की पाणी पट्टीखाली शिरतं आणि आतून गंज धरतो. तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. नळीला जुनी पद्धतच बरी: ब्राँझचा ब्रश, टर्पेंटाईन, आणि काडतुसाच्या बाजूने तोंडाकडे ढकललेली चिंदी. शेवटची चिंदी पांढरीच बाहेर यायला हवी. लाकडी दस्ता तर पाण्यापासून आणि टर्पेंटाईनपासून लांबच ठेवायचा.

मशीनचा तोटाही तिथेच आहे जिथे त्याचा गुण आहे. ते मसाल्याबरोबर तेलाचा शेवटचा थरही काढून टाकतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत असं उघडं पोलाद थोड्या वेळातच तांबूस व्हायला लागतं. त्यामुळे भाग बाहेर काढला की लगेच साध्या स्वच्छ पाण्यातून काढायचा, गरम हवेने वाळवायचा, डब्ल्यूडी-40 मारून उरलेलं पाणी बाहेर ढकलायचं, ते पुसून मग बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेल म्हणजे पुढच्या धुळीला आमंत्रण. हे सगळं एका दमात होणार नसेल तर संध्याकाळी मशीन लावूच नये.

तक्रार एकच, हीटरच्या बटणाखाली पाणी झिरपतं. बाकी टाकीला काही झालेलं नाही. कंपनं नीट होतात का हे पाहायला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात धरतो. मिनिटभरात त्याला बारीक छिद्रं पडतात.

घरी एकच बंदूक असेल तर हे मशीन घेऊ नका. ब्रश, चिंद्या आणि तेल पुरे, आणि तेही दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे उघडून पाहिल्यावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. लॉक स्वतः उघडू नका. पॉलिशला दिलेली बंदूक परत घेताना दुकानदाराकडे पांढरं फडकं मागा आणि पिनच्या भोकांपाशी, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) खाचेत, बिजागरीच्या खिळीवर फिरवून टॉर्चखाली बघा. करडा डाग उठला किंवा कण चमकले, तर बंदूक तिथेच परत द्या.