उत्पत्तीच्या घराण्यांचा भिंततक्ता: घ्यावा, पण पेन्सिल जवळ ठेवून

संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी हा तक्ता मागवला, बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्तीतल्या घराण्यांचा. प्रत्येक माणसाची आडवी पट्टी, वर अब्राहामाच्या जन्मापासूनची वर्षं. उपयोग लगेच दिसतो. अब्राहामाचा मृत्यू २५व्या अध्यायात आधी येतो आणि त्याचा मुलगा इसहाक याच्या जुळ्यांचा, याकोब-एसावांचा, जन्म नंतर. पण इसहाक झाला तेव्हा बाप १०० वर्षांचा, जुळी झाली तेव्हा इसहाक ६० चा, अब्राहाम गेला १७५ व्या वर्षी. म्हणजे याकोब-एसाव तेव्हा पंधरा वर्षांचे! तसंच इसहाकाचं मरण ३५व्या अध्यायात उरकलंय, तरी याकोबाचा मुलगा योसेफ गुलाम म्हणून विकला गेल्यावरही आजोबा बारा वर्षं हयात होते. पट्ट्या शेजारी आल्या की मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

गडबड योसेफाचा भाऊ यहूदा याच्या पट्टीत आहे. योसेफ १७ व्या वर्षी विकला गेला, घरचे मिसरात (इजिप्तमध्ये) आले तेव्हा ३९ चा. या बावीस वर्षांत यहूदाचं लग्न, तीन मुलगे, सून तामार हिचं प्रकरण, तिच्यापासून पेरेसाचा जन्म, आणि ४६व्या अध्यायातल्या यादीत पेरेसाचेही दोन मुलगे. बसणार कसं? यहूदाचं लग्न योसेफ विकला जाण्याआधीचं मानतात, किंवा ते नातू मागाहून यादीत घातले असं धरतात. तक्त्याने एक तारीख ठोकून दिलीय, साधं प्रश्नचिन्हही नाही. हे मला खटकलं.

कागद जाड, लॅमिनेशन बरं, अक्षर मात्र बारीक. मागच्या बाकावरून काही दिसत नाही. पाचपैकी साडेतीन.