मॅस्टोडॉन: पक्षीवेड्यांसाठी उत्तम, मराठीसाठी राखणदार हवेत

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम जरूर वापरावं. मात्र खातं उघडण्याआधी सर्व्हर, म्हणजे तुमचं खातं जिथे राहणार ते ठिकाण, नीट पारखून घ्या, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते. थंडी पडली की पहाटे निघून चापडगावच्या मनोऱ्यावरून नांदूर मध्यमेश्वरचं पाणी न्याहाळायचं, हा आमचा जुना शिरस्ता. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी. हे फोटो जाणकारांपर्यंत जावेत, कुणीतरी ओळख चुकली तर सांगावी, एवढीच माझी अपेक्षा.

मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे. त्याचे हजारो सर्व्हर वेगवेगळे लोक चालवतात आणि ॲक्टिव्हिटीपब या सामायिक पद्धतीमुळे ते एकमेकांशी बोलतात. तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर असा, दुसरीकडच्या माणसाला फॉलो करता येतं.

घरच्या पानावर तुम्ही निवडलेल्यांच्याच पोस्ट येतात, ताजी आधी. कुणाला फॉलो केलं नसेल तर पान रिकामं. बरेच जण इथेच कंटाळून परत जातात. त्यांनी हॅशटॅग फॉलो करावेत. २०२२ पासून ती सोय आहे आणि पक्षीनिरीक्षकांची इथली वस्ती खरोखर समृद्ध आहे. फोटोचं वर्णन मात्र लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते लिहिण्याची इथे रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते.

एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच पोस्ट हॅशटॅगमध्ये दिसतात. त्यामुळे अगदी छोट्या सर्व्हरवर तोच हॅशटॅग ओसाड वाटतो आणि मोठ्यावर भरलेला. मजकुरातल्या शब्दांवरून शोधायचं तर लिहिणाऱ्याची परवानगी लागते. मला हे पटतं, पण जुनी नोंद हुडकताना जीव मेटाकुटीला येतो.

आता स्पॅम. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे स्पॅमची मोठी लाट आली होती. नोंदणी सताड खुली आणि लक्ष ठेवायला कोणी नाही, अशा छोट्या सर्व्हरांवर यंत्राने धडाधड खाती उघडली गेली आणि तिथून सगळीकडे कचरा गेला. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्येच बदल झाला: आठवडाभर एकही देखरेख करणारा फिरकला नाही, तर खुली नोंदणी बंद होऊन मंजुरीने सुरू राहते. इलाज साधा आहे, आणि रोगाच्या मुळावर आहे. शिवाय सर्व्हर चालवणारा दुसऱ्या एखाद्या सर्व्हरची पोच मर्यादित करू शकतो किंवा संबंध पूर्ण तोडू शकतो. २०१९ मध्ये गॅब हे अतिउजव्या मजकुरासाठी बदनाम असलेलं समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं तेव्हा अनेक सर्व्हरांनी तसंच केलं. तुम्हालाही नको तो शब्द, खातं किंवा अख्खा सर्व्हर स्वतःपुरता बंद करता येतो.

खरी उणीव पुढे आहे. 'घरबसल्या कमवा' छापाच्या मराठी पोस्टची मी एका परदेशी सर्व्हरकडे तक्रार केली. तिथे मराठी वाचणारं कोणी नव्हतं. तक्रारीच्या रकान्यात इंग्रजीत अर्थ लिहून दिला, तेव्हा खातं गेलं. हे पैशाचं आमिष होतं म्हणून निभावलं. मराठीतला टोमणा, जातीवरून केलेला सूचक शेरा, बाईला उद्देशून केलेली द्व्यर्थी टिप्पणी, हे अर्थ लिहून देऊन कळत नाही. त्याला मराठीत वाढलेला माणूसच लागतो.

म्हणून पक्ष्यांसाठी यायचं असेल तर आजच या. नियमांचं पान वाचा, देखरेख करणाऱ्यांची नावं दिलीत का बघा, खर्च कसा भागतो तेही बघा, कारण बरेचसे सर्व्हर देणग्यांवर चालतात. मराठीत भरपूर गप्पा हव्या असतील तर थोडं थांबावं लागेल. नाशिकमध्ये कोणी मराठी सर्व्हर उभा करणार असेल, नोंदणी मंजुरीनेच ठेवणार असेल, तर मला कळवा. तक्रारी वाचायचं काम मी घेते.