108 रुपये वाचले, हाती कागदी पौंड आले

मुलगा यूकेला शिकायला निघाला की शेवटच्या आठवड्यात घरात बॅगांची, लोणच्या-चटण्यांची गडबड उडते आणि पौंड घ्यायचे राहून जातात. तेवढ्यात ओळखीतून एजंट हजर होतो. "काका, बँकेत कशाला जातासा? घरपोच देतो. बिल नको, म्हंजे जीएसटी बी नाही." निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या माणसाला बेळगावची फेरी वाचते, म्हणून तो हो म्हणतो.

त्या जीएसटीचा हिशोब बघा. 1 लाखापर्यंतच्या चलनखरेदीत रकमेचा 1 टक्का (कमीत कमी 250 रुपये) सेवेचं मूल्य धरतात, त्यावर 18 टक्के कर. 60,000 रुपयांच्या पौंडांवर कर होतो 108 रुपये. एवढ्यासाठी बिल सोडायचं?

पाकीट येतं ते थेट मुंबईच्या रात्रीच्या बसपाशी. सामान डिकीत चढतंय, कंडक्टर ओरडतोय, पाकिटाला सेलोटेप. वर दोन-तीन नव्या नोटा, खाली 20 आणि 50 पौंडांच्या जुन्या कागदी. 30 सप्टेंबर 2022 नंतर या नोटा चलनात नाहीत. त्या बनावट नसतात, म्हणून इथं कुणाला शंका येत नाही. आजची नोट प्लास्टिकची असते, तिला पारदर्शक खिडकी असते. 20 च्या मागे चित्रकार टर्नर हवा. अ‍ॅडम स्मिथ दिसला तर नोट जुनी. 50 च्या मागे गणितज्ञ ट्युरिंग हवा. बोल्टन आणि वॅट अशी जोडी असेल तर तिथल्या तिथं परत करा. राणीचा चेहरा बघून मात्र घाबरू नका, तिच्या प्लास्टिकच्या नोटा चालतात. कागदी नोटा गळ्यात पडल्याच तर बँक ऑफ इंग्लंड ओळखपत्र घेऊन बदलून देते, पण त्यात वेळ जातो आणि खोलीचं भाडं लगेच भरायचं असतं.

दुसरी चलाखी गड्डीची. मधली नोट दुमडून ठेवली की एका कडेने मोजताना ती दोनदा मोजली जाते. नोटा एकेक करून टेबलावर टाकूनच मोजा.

आता खरी मेख. परवाना नसलेल्याकडून परकीय चलन घेणं हेच फेमा कायद्याचं उल्लंघन आहे, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळं फसलेलं घर गप्प बसतं आणि तो पुढच्या घरी जातो. पैसे यूपीआयने गेले असतील तरीही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

म्हणून पौंड परवानाधारकाकडूनच घ्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना त्याच्या काउंटरवर लावलेला असतो, आणि परवानाधारकांची यादी तिच्या वेबसाइटवर मिळते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन घेऊन जा; प्रवासाच्या आधी 60 दिवसांपर्यंत चलन मिळतं. यूकेसाठी रोख 3,000 डॉलरइतकीच, बाकी फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन भरून मिळणारं कार्ड). 50,000 रुपयांवरची रक्कम रोखीने भरताच येत नाही; ती चेक किंवा कार्डाने द्या. कुणाच्या वैयक्तिक खात्यात पाठवा म्हणाले तर उठून या. बिलावर पासपोर्ट नंबर आणि रेट आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी वाचा. तिकडच्या एटीएमवर रुपयांत की पौंडांत असं विचारलं तर पौंडच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

निघायची वेळ आली आणि पौंड राहूनच गेले, तर विमानतळावरच्या काउंटरवर पन्नास-शंभर पौंड घ्या. तिथला रेट चढा असतो, पण नोटा चालू असतात आणि बिल मिळतं.