सीबीओचे खर्च-अंदाज: काम चोख, पण एकूण आकडा सगळ्यात शेवटी वाचा

अमेरिकी संसदेतल्या एखाद्या विधेयकाने सरकारची तूट किती वाढेल, हे पाहायचं तर काँग्रेशनल बजेट ऑफिसच्या (सीबीओ) अंदाजाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. 1974च्या कायद्याने उभी राहिलेली ही संस्था पक्षनिरपेक्ष आहे. आपल्याकडे वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज सांगणारं टिपण, विधेयक आणणारं खातंच जोडतं. तिथे हिशेब तिसराच करतो, ही मोठी गोष्ट. संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाका, अंदाज फुकट मिळतो.

आधी तारीख आणि मसुदा तपासा. अंदाज बहुधा समितीने संमत केलेल्या मसुद्याचा असतो. पुढे सभागृहात दुरुस्त्या झाल्या की तो आकडा शिळा.

तक्त्यात घोळ होतो तो उणे चिन्हामुळे. खर्चाच्या ओळीत उणे म्हणजे बचत, महसुलाच्या ओळीत उणे म्हणजे फटका. 2023मध्ये आयआरएस या कर खात्याचा वाढीव निधी काढून घेणारं विधेयक आलं. खर्च सुमारे 71 अब्ज डॉलरने घटणार होता, पण वसुली ढिली पडून महसूल सुमारे 186 अब्जांनी बुडणार होता. म्हणजे तूट 114 अब्जांहून जास्त वाढणार! खर्चाचीच ओळ वाचली तर हे विधेयक काटकसरीचं वाटेल. तक्त्यात तारांकन दिसलं तर ते शून्य समजू नका, खालची टीप वाचा. ती छोटी रक्कम असते.

सगळ्यात महत्त्वाचं, तुलना कशाशी केली आहे? 2017च्या बऱ्याच करसवलती 2025अखेर संपणार होत्या. त्या संपतील असं धरून, म्हणजे चालू कायद्याप्रमाणे, ट्रम्प यांचं 2025चं कर-खर्चाचं 'वन बिग ब्यूटिफुल बिल' दहा वर्षांत तूट 3.4 लाख कोटी डॉलरने वाढवतं. त्या सवलती चालूच राहतील असं गृहीत धरलं, की हा बोजा कागदावरून नाहीसा होतो, उलट तूट थोडी घटलेलीच दिसते. सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) बहुमतात असलेल्या पक्षाने नेमकं तेच गृहीत धरलं. शिवाय 3.4 मध्ये वाढीव कर्जावरचं व्याज नाही. ते धरलं की 4.1.

उणिवाही आहेत. करविषयक आकडे संसदेच्या करसमितीकडून येतात, त्यामागची गृहीतकं फारशी उलगडत नाहीत. दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागणारा खर्च वेगळ्या ओळीत असतो. संसदेने पैसे दिलेच नाहीत तर तो होणारच नाही. त्यामुळे तो तुटीच्या बेरजेत मिसळू नका.